बिनखिशाचे सदरे

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही साडेतीन ओळींचं. पाकीट चांगलं जाडजूड होतं, म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवून बसले. आत एक कागद आणि प्रकाशकाचं छापील कार्ड. पुस्तकाला पंचवीस वर्षं झाली, नवी आवृत्ती येतेय, मुखपृष्ठावर अण्णांचा फोटो हवाय, तू नवी प्रस्तावना लिहितो आहेस, ती महिनाअखेरीला द्यायचीय. तब्येतीची काळजी घे. संपलं. माझी तब्येत कशी आहे हे न विचारता तिची काळजी घ्यायला सांगणं तुलाच जमतं.

फोटो मिळणार नाही. अण्णांचा धड म्हणावा असा एकच फोटो आहे आणि तो माझ्या मशीनच्या वर खिळ्याला टांगलाय. आणि ज्या माणसाला तू दोनशे चाळीस पानं झोडपलंस, त्याचाच चेहरा वर लावून पुस्तक विकायचं, हे मला काही पटत नाही. रागाव हवं तर. मी तुझी वाचक नाही, थोरली बहीण आहे.

विचारलं नाहीस तरी सांगते. दुकान चालू आहे. नवे कपडे शिवणं सोडलं, गुडघे पायडल मारू देत नाहीत. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, विरलेली कॉलर उसवून उलटी लावणं, एवढंच करते. दुकानातलं मागचं कापड बेतायचं टेबल आता नातीच्या अभ्यासाचं झालंय.

तिला यंदा तुझं पुस्तक लावलंय. लेखक म्हणजे आजीचा सख्खा भाऊ हे कळल्यापासून कॉलेजात बाईसाहेबांचा भाव वधारलाय. पुस्तकाबरोबर गाईडही घरात आलं. मी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात प्रतीकांचं एक वेगळं प्रकरण आहे. सदरा म्हणजे घराण्याचा वारसा. खिसा म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य. कातर म्हणजे बापाची सत्ता. आई अण्णांशी बोलत नाही, ती म्हणजे बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची घुसमट. शिलाई मशीनही कशाचं तरी प्रतीक आहे, काय ते विसरले. मी त्या मशीनवर चाळीस वर्षं पोट भरलं, पण मला कुणी विचारायला आलं नाही.

नात म्हणाली, "आजी, बिनखिशाचे सदरे नक्की कशाचं प्रतीक गं? बाई म्हणतात, एकच उत्तर नसतं. जो जिथून बघतो तिथून त्याला वेगळं दिसतं."

मी म्हटलं, "मी बसायचे तिथून तर सदरेच दिसायचे बाई."

ती हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मला जरा अपराधी वाटलं.

खोटं तू काहीच लिहिलं नाहीस, हे मी मानते. गावच्या लोकांना अण्णा एकाला दोन खिसे लावून द्यायचे आणि आपल्या अंगावर मात्र एकही नसायचा. शाळेत रुमाल दाखवा म्हटल्यावर तू तो मोज्यातून काढलास आणि सगळा वर्ग खिदळला, ते खरं. शिंप्याचं पोर आणि खिशाला महाग, असं तुला चिडवायचे, तेही खरं. कारण विचारलं की अण्णा कातर चालवत राहायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत, तेही खरं. आणि ते सातवं प्रकरण, जे परीक्षेत हमखास येतं म्हणे. तू पंधरा वर्षांचा, मामाने दिलेला तयार सदरा घालून दोन मित्रांबरोबर घरी आलास. अण्णा उठले आणि तुझ्या अंगावरच ब्लेडने खिसा उसवून काढला. त्या दिवसापासून तू त्यांच्याशी कामापुरतंच बोललास.

पण त्या प्रकरणात तू एक वाक्य लिहिलंयस. "खिशातल्या क्षुल्लक वस्तू जमिनीवर विखुरल्या." इतर वेळी तू दाराची कडी कशी वाजली तेसुद्धा लिहितोस. मग खिशात काय होतं ते का नाही लिहिलंस? मी मशीनवर बसले होते, मी पाहिलंय. आठवून बघ आणि मग प्रस्तावनेला हात घाल.

थोरली


२० नोव्हेंबर

धाकट्या,

नाही आठवत म्हणतोस. पेनाचं टोपण असेल, बसचं तिकीट असेल, त्याने काय फरक पडतो ताई, असं वर मलाच विचारतोस. पण पत्र उलटटपाली आलं, त्यावरून तुलाही ते टोचलेलं दिसतंय.

खडे होते. सात-आठ गोल खडे. तुम्ही तिघं नदीवरून आला होतात आणि तुझी विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. तुझ्या छातीवरचा खिसा खड्यांच्या भाराने खाली ओघळला होता. अण्णांनी आधी विजारीकडे बघितलं, मग खिशाकडे. त्यांचा चेहरा तुला दिसला नाही, तू मित्रांकडे बघत होतास. मला दिसला. मी पाय मशीनवरून काढले आणि उठलेही, पण मधे पडले नाही.

आता सांगते ते आईने मला कधीही सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. आई जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली. तिच्या शब्दाला मी आज पहिल्यांदा जागत नाहीये.

आपण दोन भावंडं नव्हतो, तीन होतो. तुझ्या आधी एक बहीण होती. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. जेवतानासुद्धा उभी. तेव्हा आपण दुसऱ्या गावी राहायचो, कालव्याजवळ दोन खोल्या होत्या, पुढच्या खोलीत अण्णांचं दुकान. तू अकरा महिन्यांचा होतास आणि भिंती धरून चालायचास.

भिंगरीने अण्णांच्या मागे टुमणं लावलं होतं की मला खिशाचा फ्रॉक हवा. तेव्हा मुलींच्या फ्रॉकला कोण खिसे लावायचं? गिऱ्हाइकांसमोर ती टेबलाखाली बसून रडायची, म्हणायची, "सगळ्या गावाला खिसे देता, मलाच नाही." शेवटी अण्णांनी जाड कापडाचा फ्रॉक शिवला आणि दोन्ही बाजूंना खिसे लावले. तिने हात घालून बघितला आणि म्हणाली, अजून खोल. त्यांनी उसवले आणि पुन्हा लावले, कोपरापर्यंत हात जाईल एवढे, दुहेरी टाका घालून. गिऱ्हाइकं हसली, तर अण्णा म्हणाले, "तिचा संसार मोठा आहे." मला अण्णा असे चेष्टेत बोललेले तेवढेच आठवतात.

त्या फ्रॉकला आठ दिवसही झाले नव्हते. दुपारी ती एकटीच कालव्यावर गेली. काठाच्या फरशीला शेवाळ होतं. कालव्यावर काम करणाऱ्या माणसाने तिला बाहेर काढलं आणि हातांवर घेऊन आणलं. दोन्ही खिसे खड्यांनी टच्च भरलेले होते. खिसे एवढे मजबूत शिवलेले की एकही टाका निघाला नव्हता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एवढ्याशा खड्यांनी कुणी बुडत नाही, पाय घसरला, पाण्याला ओढ होती. अण्णांनी ऐकून घेतलं. घरी आले आणि सगळ्या माणसांदेखत, आईदेखत म्हणाले, "खिसे मी शिवले. खोलही मीच केले. खिशांनी नेली तिला."

त्या आठवड्यात त्यांनी घरातल्या प्रत्येक कपड्याचा खिसा उसवला. स्वतःच्या सदऱ्यांचे, माझ्या शाळेच्या दप्तराचा वरचा कप्पा. तुझ्या झबल्यावर शोभेचा एक चिमुकला खिसा होता, त्यात माझं बोटही जात नव्हतं. तोही काढला.

आई दोन वर्षं त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. पुढे बोलली ती मीठ संपलं, तेल संपलं, एवढंच. तेव्हा तुझ्या गाईडवाल्याला सांग, ती घुसमट नव्हती. तोंड उघडायला तिला कुणाची बंदी नव्हती. ती त्यांना शिक्षा देत होती आणि ते ती निमूटपणे भोगत होते. मग आपण गाव सोडलं. नव्या गावात आई म्हणाली, "याला सांगायचं नाही. हा तरी मोकळा वाढू दे." फ्रॉक आणि तिचा एकमेव फोटो आईने पेटीत टाकला, आणि आईच्या आजारपणात घर आवरताना ती पेटी कुठे गेली कुणास ठाऊक.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या दुपारी घरात तुझा पाळणा हलवत बसले होते, मला कशाचाच पत्ता नव्हता. आरडाओरडा ऐकूनच बाहेर आले.

तुला पटणार नाही, पण हे लिहिताना मला तुझी कीव आली. तुझ्यावर अन्यायच झाला. एवढं मोठं दुःख घरात होतं आणि तुझ्या वाट्याला त्याचे फक्त सदरे आले. आता तुझ्या प्रस्तावनेचं तू बघ.

थोरली


२९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं नऊ पानी पत्र पोचलं. एवढं मोठं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. तिसऱ्या आणि चौथ्या पानावरची शाई पसरली आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

फोटोचा हट्ट मी सोडला. नातीने मोबाईलवर काढून तुला काल पाठवलाय.

भिंगरी तुला उचलायची का, असं विचारलंयस. उचलायची तर काय. कमरेवर घ्यायची, आणि तू घसरत घसरत तिच्या गुडघ्यांपर्यंत यायचास, तरी तिला वाटायचं आपण बाळ घेतलंय. तू दोन्ही मुठींनी तिचा फ्रॉक धरून लोंबकळायचास आणि दोघंही हसायचात. तू दिसायला तिच्यासारखा नाहीस. फक्त रागावलास की खालचा ओठ पुढे काढायचास, तो अगदी तिचा.

प्रस्तावनेचा कच्चा मसुदा वाचला. सगळं पुस्तक आता उलट्या बाजूने वाचावं लागेल, असं तू लिहितोस. बिनखिशाचा सदरा म्हणजे सत्ता नव्हे, एका बापाचा मुका शोक. वाचायला छान वाटलं. पण राग येऊ देऊ नकोस, तेही मला थोडं गाईडसारखंच वाटलं. आधी एक अर्थ लावलास, आता त्यावर दुसरा चढवलास. आणि चूक तुझी नाही. मी तुला दिलेलं कापडच अर्धं होतं.

तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला, ती एवढे खडे कशाला गोळा करत होती? दुसरा, अण्णा गेले तेव्हा तू मला दारातून का परतवलंस?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. चार दिवस मी ते लिहायला बसतेय आणि उठतेय. काल एका गिऱ्हाइकाच्या विजारीचा एकच पाय आखूड केला आणि तशीच घडी घालून दिली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला कशाचाच पत्ता नव्हता. ते खोटं आहे. तिला मी पाठवलं होतं.

आम्ही मुली पाच खड्यांचा खेळ खेळायचो. एक वर उडवायचा, खालचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. माझ्याकडे चार छान गोल खडे होते, पाचवा हरवला होता. भिंगरीला खेळायचं होतं आणि तिला झेलता येत नव्हतं, सारखी मधे मधे यायची. तू रडत होतास, पाळणा मी एका हाताने हलवत होते. मी वैतागून म्हटलं, "जा, पाचवा खडा घेऊन ये. चांगला गोल हवा. वाकडा आणलास तर खेळायला घेणार नाही." ती धावतच गेली. कोणता मला पसंत पडेल हे तिला कळेना, म्हणून तिने दिसेल तो खिशात भरला असणार. एवढंच झालं. आज अडुसष्ट वर्षांची आहे मी, आणि हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय.

तिला आणलं तेव्हा मी दाराआड लपले होते. लोक विचारत होते, पोर पाण्यावर गेलीच कशी, कुणी पाठवली? आई माझ्याकडे वळली होती. माझ्या मुठीत ते चार खडे अजून होते. अण्णांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि माझ्यासमोर खाली बसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझी मूठ उघडली, खडे काढून घेतले आणि बाहेर जाऊन ते वाक्य बोलले. खिसे मी शिवले. खोलही मीच केले.

त्यानंतर मला कुणीच काही विचारलं नाही. आईनेही नाही. तिचा सगळा राग खिशांवर आणि खिसे शिवणाऱ्यावर गेला, आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. आजारपणात मीच तिचं सगळं केलं, ती माझा हात कुरवाळायची, म्हणायची, तू होतीस म्हणून मी तगले. तेव्हाही मी बोलले नाही.

खिशांनीच तिला नेलं असं अण्णांना खरंच वाटत होतं, की माझ्यासाठी त्यांनी तसं वाटून घेतलं, हे मला कळलेलं नाही. त्यांना विचारायचा धीर झाला नाही. पण एकदा सगळ्यांसमोर बोलल्यावर त्यांना ते निभवावं लागलं. तुझ्या प्रत्येक नव्या सदऱ्याला खिसा नाही, म्हणजे दोष खिशाचा, हे आईला दर वेळी दिसायला हवं होतं. तू विचारायचास तेव्हा ते गप्प बसायचे, कारण मी तिथेच दोन हातांवर काज करत बसलेली असायचे. तुझ्या अंगावरचा खिसा त्यांनी उसवला त्या दिवशी मात्र त्यांना काही दाखवायचं नव्हतं. ते घाबरले होते. ओली विजार, खड्यांनी भरलेला खिसा, आणि घरी परत आलेला मुलगा.

तुझं पुस्तक निघालं तेव्हा त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. मीच वाचून दाखवलं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा दहा-बारा पानं. सातव्या प्रकरणाला मी थांबले. म्हणाले, "वाच." मी वाचलं. संपल्यावर म्हणाले, "पोरगं लिहितं चांगलं. कुठे टाका सुटला नाही."

मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "अण्णा, मी त्याला खरं सांगते. आजच लिहिते."

ते म्हणाले, "काय सांगशील? खिशांचं सांगितलंस की तो विचारेल, खडे कशाला गोळा करत होती. त्याला खोड आहे विचारायची. मग काय करशील?"

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"माझ्यावर रागावलाय ना, रागावू दे. बापावर रागावून पोरं जगतात. मी काय आज आहे, उद्या नाही. मी गेल्यावर तुम्ही दोघंच उरणार. त्याला तू लागशील आणि तुला तो लागेल."

धाकट्या, त्यांनी सांगितलेला प्रश्न तू शब्दाला शब्द विचारलास. पत्र वाचताना मी मशीनवर डोकं टेकून रडले.

त्यानंतर ते चौदा वर्षं जगले. तू वर्षातून एकदा यायचास, बूट न काढता तासभर बसायचास. ते तुझ्याकडे बघत राहायचे आणि तू घड्याळाकडे. मी एक वाक्य बोलले असते तर तुला बाप मिळाला असता. मी चहा करायच्या निमित्ताने आत जायचे.

आणि अण्णा गेले त्या सकाळी तू आलास. मी दारात उभी राहून म्हणाले, "जिवंतपणी सगळ्या जगासमोर फाडलंस, आता कशाला आलास?" आणि दार लावून घेतलं. सगळ्यांना वाटलं, बापासाठी बहीण केवढी पेटून उठली. तू पायऱ्यांवर बसला होतास, दाराच्या फटीतून मला तुझे बूट दिसत होते. मला राग नव्हता रे. भीती होती. तू आत आला असतास, त्यांच्या पायांशी बसून हुंदका दिला असतास, तर माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं. ते पडू नये म्हणून मी तुला तुझ्या बापाचा चेहरा बघू दिला नाही. थोड्या वेळाने फटीतून पाहिलं तर पायऱ्या रिकाम्या होत्या.

आपण दोघं एकमेकांना उरावं म्हणून त्या माणसाने आईचा अबोला सोसला, तुझं पुस्तक सोसलं. मी ते एका सकाळी मोडून टाकलं, त्यांना घराबाहेर न्यायच्याही आधी.

तेव्हा तुझी ती प्रस्तावना पाठवू नकोस. शोकाचं सगळं खोडून टाक. माझं लिही, जसं झालं तसं लिही. नातीला मी आज संध्याकाळी स्वतः सांगणार आहे, तिला गाईडमधून कळायला नको. अण्णांना तू दोनशे चाळीस पानं दिलीस, मला चार दिलीस तरी पुरेत. मऊ लिहू नकोस.

भिंगरीची माफी मागता येत नाही. आईची राहिली, अण्णांची राहिली. ज्याच्यासमोर मागता येईल असा तू एकटाच उरला आहेस, म्हणून तुझ्याकडे मागते. द्यायची की नाही ते तू ठरव. नाही म्हणालास तरी मला तसं लिहून कळव, गप्प बसू नकोस. या घरात गप्प बसून फार माणसं गेली.

तुझी
ताई